समान आणि आसन्न

दोन संख्या समान आहेत कीं नाहींत, हा गणितांतील सर्वांत साधा प्रश्न होय. पाटीवर पहिले धडे गिरविणाऱ्या मुलालाहि त्याचें उत्तर देतां येतें. असें असतां, सेकंदाला कोट्यवधि बेरजा करणारा संगणक याच प्रश्नापाशीं अडखळतो, असें सांगितल्यास ऐकणाराला तें प्रथम खरें वाटणार नाहीं. परंतु आजच्या बहुतेक संगणकभाषांत "०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ च्या बरोबर आहे काय?" असें विचारलें, तर यंत्र "नाहीं" असें उत्तर देतें; आणि तीच बेरीज पूर्ण लिहून दाखविण्यास सांगितलें, तर ०.३ नंतर १५ शून्यें मांडून १७ व्या स्थळीं ४ हा अंक ठेवतें. यंत्र बिघडलेलें नसतें, आणि आज्ञावली लिहिणाराचीहि त्यांत गफलत नसते. ही विसंगति कोठून आली, तिच्यापायीं तज्ज्ञांत किती वर्षें वाद चालला, आणि तिच्या मुळाशीं असलेला अत्यंत सूक्ष्म अंश १९९१ सालीं २८ माणसांच्या मृत्यूस कसा कारण झाला, हा इतिहास संगणक वापरणाऱ्या प्रत्येक घरानें ऐकण्यासारखा आहे.

या कोड्याचें मूळ अपूर्णांकाच्या स्वभावांत आहे. आपल्या नित्याच्या दशमान पद्धतींत एक-तृतीयांश लिहूं गेल्यास ०.३३३३ असे तीन मांडीत बसावें लागतें, आणि ते कधींच संपत नाहींत. कंटाळून चार स्थळांवर थांबावें आणि आलेल्या आंकड्यास तिनानें गुणावें, तर ०.९९९९ येतात, एक येत नाहीं. याचा दोष कोणी गुणाकाराला देत नाहीं. ज्या अपूर्णांकाच्या छेदांत २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव असतो, तो दशांशांत पुरा लिहितां येत नाहीं, हा शाळेंत शिकविला जाणारा नियम आहे. संगणकाजवळ मात्र ० आणि १ हे दोनच अंक असतात. त्याच्या द्विमान पद्धतींत ५ ला स्थान नाहीं. छेद केवळ दोनाचा घात असेल, तरच अपूर्णांक संपतो. एक-दशांश ही आपल्याला अगदीं सरळ दिसणारी संख्या तेथें ०.०००११००११००११ अशी अखंड लांबत जाते. यंत्राजवळ अंक ठेवण्याचीं घरें मोजकीं असल्यामुळें ती कोठें तरी तोडून जवळच्या आंकड्यावर आणावी लागते. सध्यां सर्वत्र रूढ असलेल्या ६४ बिटांच्या मापांत ०.१ आणि ०.२ हे दोन्ही आंकडे मूळ किंमतीपेक्षां किंचित् अधिक होऊन बसतात, तर ०.३ हा किंचित् कमी होऊन बसतो. दोन अधिकांची बेरीज त्या कमीशीं ताडून पाहिली कीं, यंत्र त्यांना निराळे ठरवितें. गंमत अशी कीं, ३२ बिटांच्या अधिक जाडसर मापांत हीच बेरीज ०.३ शीं तंतोतंत जुळते; माप बारीक केलें कीं मात्र बिनसते.

महाराष्ट्रांतील जुन्या हिशेबाचा ज्यांना परिचय आहे, त्यांना ही गोष्ट एका उदाहरणानें चटकन् समजेल. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, असा पूर्वीं हिशेब असे. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग आणि पैसा म्हणजे चौसष्टावा. सोळा आणि चौसष्ट हे दोन्ही दोनाचेच घात आहेत. म्हणून रुपये, आणे व पैसे यांची कोणतीहि रक्कम संगणकाच्या द्विमान पद्धतींत काडीमात्र फरक न होतां लिहितां येते. पैचा तेवढा अपवाद. कारण पैशाच्या तीन पया होत, आणि तिनानें भागलें कीं द्विमान अपूर्णांक अडतो. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हीं मुलांकडून घोकून घेतलीं जाणारीं कोष्टकेंहि पाव आणि अर्ध यांचींच असल्यामुळें या यंत्राच्या प्रकृतीला मानवणारीं आहेत. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे १०० नवे पैसे झाले. माणसाला हिशेब सोपा झाला, आणि संगणकाला मात्र तो अवघड झाला. कारण एकापासून नव्याण्णवपर्यंतच्या पैशांपैकीं २५, ५० आणि ७५ एवढ्या तीनच रकमा रुपयाचा द्विमान अपूर्णांक म्हणून बिनचूक लिहितां येतात. बाकीच्या शहाण्णव रकमा जवळपासच्या असतात, त्याच नसतात.

आतां ही संख्या यंत्रांत ठेवण्याची जी रीत आहे, तिचा इतिहास पाहिला पाहिजे. शास्त्रज्ञाला सूर्याचें अंतरहि मोजावें लागतें आणि अणूचा व्यासहि. पहिलें सुमारें १५ कोटि किलोमीटर आहे. दुसरा मीटरच्या एक-अब्जांशाहूनहि लहान. इतक्या भिन्न आकाराच्या संख्या ठराविक घरांत बसवावयाच्या, तर मुख्य अंक निराळे आणि दशांशचिन्ह कोठें आहे हें सांगणारा घातांक निराळा, अशी व्यवस्था करावी लागते. चिन्ह एका जागीं खिळलेलें नसून घातांकाप्रमाणें इकडून तिकडे सरकतें, म्हणून या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे तरता बिंदु, असें नांव पडलें. यंत्राकरितां ही कल्पना १९१४ सालीं लिओनार्दो तोरेस केवेदो या स्पॅनिश इंजिनियरानें स्वयंचलनावरील आपल्या निबंधांत मांडली. ती प्रत्यक्ष उतरविण्याचें श्रेय जर्मनींतील कोनराड त्सूझे याचें. बर्लिन येथें आईबापांच्या घरांतील बैठकीच्या खोलींत त्यानें १९३६ ते १९३८ या काळांत आपलें पहिलें यंत्र जुळविलें, आणि मे १९४१ मध्यें त्याचें त्सेड्-३ हें यंत्र चालूं लागलें. त्या यंत्रांत एका संख्येला २२ बिटें दिलेलीं होतीं. एक चिन्हाकरितां, सात घातांकाकरितां आणि चौदा मुख्य अंकांकरितां. शून्य आणि अनंत यांचीहि त्यांत निराळी सोय होती. तें यंत्र महायुद्धांतील बाँबहल्ल्यांत नष्ट झालें.

अमेरिकेंत या पद्धतीचें स्वागत झालें नाहीं. जॉन फॉन नॉयमन आणि त्यांचे सहकारी आर्थर बर्क्स व हर्मन गोल्डस्टाइन यांनीं १९४६ सालीं लिहिलेल्या अहवालांत तरता बिंदु नको, असा अभिप्राय दिला. घातांकाला घरें दिलीं कीं मुख्य अंकांना तीं कमी पडतात, यंत्र गुंतागुंतीचें होतें, आणि गणित करणारानें आपल्या संख्या कोणत्या मर्यादेंत राहतील याचा आधींच विचार केला तर या सोयीची जरुरी नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांत तथ्य होतें. ज्याला स्वतः दशांशचिन्ह सांभाळावें लागतें, त्याला आपल्या आंकड्यांत किती खरें आणि किती टाकाऊ याची सतत जाणीव असते. चिन्ह यंत्राच्या स्वाधीन केलें, म्हणजे ती जाणीवहि त्याबरोबर जाते. परंतु कामाचा व्याप इतका वाढला कीं, ही खबरदारी प्रत्येकानें घ्यावी अशी अपेक्षा करणें व्यवहार्य राहिलें नाहीं. १९५४ सालच्या आय.बी.एम. ७०४ या यंत्रांत तरत्या बिंदूचें गणित यंत्राच्या अंगभूत विद्युत्-रचनेंतच बसविण्यांत आलें.

त्याच यंत्राकरितां जॉन बॅकस यांच्या मंडळीनें फोर्ट्रान ही भाषा तयार केली, आणि ती १९५७ सालीं लोकांच्या हातीं आली. या पहिल्या फोर्ट्रानमध्यें दोन संख्या समान आहेत काय, असा सरळ प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. तींतील "जर" हा शब्द एका संख्येपुढें लिहावयाचा, आणि ती संख्या उणी, शून्य किंवा अधिक असेल त्याप्रमाणें तीन वाटांपैकीं एक वाट धरावयाची, अशी रीत होती. त्यामुळें समानता पाहावयाची, तर एका संख्येंतून दुसरी वजा करून बाकी शून्य उरते कीं नाहीं हें पाहावें लागे. वजाबाकी शून्य म्हणजे संख्या समान, हें समीकरण कोणालाहि निर्विवाद वाटेल. कागदावर तें निर्विवाद आहेच. परंतु त्या काळच्या यंत्रांत तें खरें नव्हतें, आणि पुढील पाव शतकाच्या वादाचें बीज येथेंच होतें.

कसें, तें एका काल्पनिक यंत्रावरून पाहावें. या यंत्रांत चार अंक मावतात, आणि त्याची सर्वांत लहान संख्या दहा-अब्जांश आहे, म्हणजे १.००० या आंकड्याला दहाच्या दहाव्या घातानें भागून येणारी. तिच्याहून लहान कांहीं आलें कीं, यंत्र त्याला शून्य समजतें. आतां १.००१ आणि १.००० या दोन आंकड्यांना त्याच दहाव्या घातानें भागून आलेल्या संख्या घ्याव्या. दोन्ही यंत्रांत मावतात आणि दोन्ही उघड निराळ्या आहेत. पण त्यांची वजाबाकी सर्वांत लहान संख्येचा हजारावा भाग येते. ती यंत्रांत मावत नाहीं, आणि म्हणून शून्य होते. संख्या भिन्न, पण वजाबाकी शून्य. एखाद्या सावध माणसानें आज्ञावलींत "या दोन संख्या समान नसतील तरच त्यांच्या वजाबाकीनें भाग द्यावा" अशी अट घातलेली असली, तरीहि यंत्र शून्यानें भागावयास जाई आणि गणित कोसळे.

१९६० ते १९८० या काळांत प्रत्येक कारखान्याचें यंत्र आपल्या निराळ्या नियमानें चाले. १९६४ सालच्या आय.बी.एम. सिस्टिम ३६० मध्यें सोळाच्या पायावर गणित होई, आणि दुप्पट लांबीच्या संख्यांची वजाबाकी करतांना एक अंक राखून ठेवण्याची खबरदारी प्रथम घेतलेली नव्हती. चार अंकांच्या यंत्रांत १.००० मधून ०.९९९९ वजा करतांना शेवटचा ९ गळला, तर ०.०००१ च्या जागीं ०.००१ येतात, म्हणजे उत्तर दहापट होतें. गणितज्ञांनीं इतकी ओरड केली कीं, कंपनीनें गिऱ्हाइकांकडे बसविलेलीं यंत्रें स्वखर्चानें दुरुस्त करून दिलीं. दुसऱ्या कांहीं यंत्रांत याहून चमत्कारिक प्रकार होता. एखादी अतिसूक्ष्म संख्या ताडून पाहतांना शून्याहून निराळी ठरे, पण भागाकारांत तिलाच शून्य मानलें जाई. यांतून सुटण्याकरितां जाणते लोक संख्येला आधीं एकानें गुणून मग ती शून्य आहे काय, हें विचारीत. एकानें गुणल्यास संख्या बदलत नाहीं, असें शिकलेल्या माणसाला ही ओळ वाचून लिहिणाराच्या बुद्धीचीच शंका आली असती. एका यंत्रावर बिनचूक चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर नेली कीं दगा देई, आणि दोष कोणाचा हें ठरविण्यास कांहीं प्रमाणच नव्हतें.

हें प्रमाण निर्माण करण्याचें मुख्य श्रेय विल्यम काहान यांस दिलें जातें. त्यांचा जन्म १९३३ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें झाला; पुढें ते कॅलिफोर्नियांत बर्कले येथील विद्यापीठांत प्राध्यापक झाले. १९७६ सालीं इंटेल कंपनीनें आपल्या छोट्या संगणकांकरितां गणिताची एक स्वतंत्र चकती करावयाचें ठरविलें, आणि त्या कामावरील जॉन पामर यांनीं काहान यांना सल्लागार म्हणून बोलाविलें. पुढल्याच वर्षीं, १९७७ च्या नोव्हेंबरांत, सर्व कारखान्यांना मान्य होईल असा नियम ठरविण्यासाठीं एका समितीच्या बैठकी सुरू झाल्या. काहान, त्यांचे विद्यार्थी जेरोम कूनेन आणि हॅरल्ड स्टोन यांनीं मिळून एक मसुदा पुढें ठेवला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या प्रबळ कंपनीचीं व्हॅक्स नांवाचीं यंत्रें त्या वेळीं जोरानें खपत होतीं. त्यांचीच पद्धत सर्वांनीं घ्यावी, असें तिचें म्हणणें होतें.

दोन्ही पक्ष बहुतेक बाबतींत जवळ आले. वाद अडला तो वर सांगितलेल्या चिमुकल्या वजाबाकीवर. काहान यांचें म्हणणें असें कीं, सर्वांत लहान संख्येच्या खालीं एकदम शून्याच्या खड्ड्यांत उडी न घेतां यंत्रानें पायरीपायरीनें उतरावें. पुढचे अंक शून्य ठेवून ०.००१ यासारख्या अपुऱ्या संख्यांनाहि जागा द्यावी. अंक कमी होत जातील, पण संख्या टिकेल. असें केलें म्हणजे दोन भिन्न संख्यांची वजाबाकी कधींच शून्य होणार नाहीं, आणि "वजाबाकी शून्य म्हणजे संख्या समान" हें वचन पुन्हां खरें होईल. प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं, यामुळें यंत्र महाग व मंद होईल आणि फायदा मात्र क्वचितच मिळेल. अखेर डिजिटल कंपनीनेंच या प्रश्नाची तपासणी करण्याचें काम मेरिलँड विद्यापीठांतील गणितज्ञ जी. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट यांच्याकडे सोंपविलें. १९८१ सालीं बोस्टन येथील बैठकींत त्यांनीं आपला निर्णय सांगितला, आणि तो काहान यांच्या बाजूचा होता. ज्यांनीं काम दिलें त्यांच्या विरुद्ध जाणारा अभिप्राय त्यांनीं उघडपणें दिला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. इंटेलची ८०८७ ही चकती १९८० सालींच बाहेर पडली होती; आय-ट्रिपल-ई ७५४ या नांवाचा नियम १९८५ सालीं रीतसर मंजूर झाला. काहान यांना १९८९ सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. या नियमाच्या सुधारलेल्या आवृत्त्या २००८ आणि २०१९ सालीं निघाल्या, आणि आज बहुतेक सर्व संगणकांचें व खिशांतील टेलिफोनचें गणित त्याच्याच आधारें चालतें.

या नियमानें काय साधलें, आणि काय साधलें नाहीं, हें नीट समजून घेणें अवश्य आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचें उत्तर जणूं अचूक काढून मग एकदांच जवळच्या आंकड्यावर आणलें आहे, असें असलें पाहिजे, हें त्यानें ठरवून दिलें. त्यामुळें ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ झाली नाहीं. मात्र ती किती येणार, हें सर्वत्र एकच ठरलें. लहरी चुकीच्या जागीं नियमबद्ध फरक आला. ६४ बिटांच्या मापांत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येपर्यंत सर्व पूर्णांक बिनचूक राहतात; तींत एक मिळविला तर मात्र उत्तर तेंच राहतें, आणि संख्या व तिच्या पुढची संख्या समान ठरतात. बेरजेचा क्रम बदलल्यास उत्तर बदलूं शकतें. ०.१, ०.२ आणि ०.३ हे डावीकडून मिळविले तर एक उत्तर येतें, उजवीकडून मिळविले तर दुसरें.

समानतेविषयींच्या दोन विलक्षण गोष्टी तर या नियमानें जाणूनबुजून पत्करल्या. शून्याला शून्यानें भागणें यासारख्या निरर्थक कृतीचें उत्तर म्हणून त्यानें "संख्या नव्हे" अशी एक खूण ठेविली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला नॅन म्हणतात. ही खूण कशाच्याहि बरोबर नसते, स्वतःच्याहि बरोबर नसते. युक्लिडच्या काळापासून चालत आलेल्या समजुतीला हा धक्काच होय. परंतु त्या वेळच्या भाषांत ही खूण ओळखण्याचें दुसरें साधन नव्हतें, आणि जी वस्तु स्वतःशींहि जुळत नाहीं ती नॅन, एवढी कसोटी सर्वांच्या हातीं राहिली. दुसरी गोष्ट शून्याची. या गणितांत अधिक शून्य आणि उणें शून्य अशीं दोन शून्यें आहेत. ताडून पाहिलीं तर तीं समान ठरतात. पण त्यांनीं एकाला भागलें तर एकाकडून अधिक अनंत आणि दुसऱ्याकडून उणें अनंत येतें. एके ठिकाणीं एकच वस्तु स्वतःशीं असमान, तर दुसरीकडे दोन निराळ्या वस्तु समान!

नियम झाल्यावरहि घोळ संपला नाहीं. ८०८७ च्या घराण्यांतील यंत्रें आंतल्या आंत ८० बिटांत गणित करीत, आणि उत्तर स्मरणांत ठेवतांना तें ६४ बिटांवर आणीत. त्यामुळें एकच उत्तर एकदां आंतील खणांतून आणि एकदां स्मरणांतून घेऊन ताडलें, तर तें स्वतःशींच जुळत नसे. जीसीसी या प्रसिद्ध साधनाच्या तक्रारवहींत २००० सालीं नोंदलेली ३२३ क्रमांकाची तक्रार याच प्रकारची आहे; जगभरच्या लोकांनीं तीच गोष्ट पुनःपुन्हां नवी चूक म्हणून कळविली. जावा या भाषेनें १९९८ सालीं कडक नियमानें गणित करण्याकरितां एक खास शब्द दिला, आणि २०२१ सालच्या १७ व्या आवृत्तींत तो कडकपणा सर्वत्र लागू केला.

येथवरचा इतिहास केवळ विद्वानांच्या वादाचा वाटेल. परंतु २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं, आखाती युद्धांत, सौदी अरबस्तानांतील धहरान येथें त्याची किंमत माणसांनीं दिली. तेथें शत्रूचीं अस्त्रें आकाशांतच पाडण्यासाठीं पेट्रिअट नांवाची यंत्रणा बसविलेली होती. तिचें घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी, आणि सेकंद काढण्याकरितां त्या मोजणीस एक-दशांशानें गुणी. हा एक-दशांश २४ बिटांच्या जागेंत तोडून बसविलेला होता; त्यांतील उणीव ०.००००००९५ हून अधिक नव्हती, वस्तुतः त्याच्याहि दशांशाएवढी, म्हणजे ०.०००००००९५ च्या आसपास होती. एवढ्या अंशानें काय बिघडणार, असें कोणासहि वाटेल. पण ती यंत्रणा सलग १०० तासांहून अधिक वेळ चालूं होती. शंभर तासांचे सेकंद-दशांश ३६ लाख होतात, आणि तितक्यांनीं ती उणीव गुणली असतां सुमारें ०.३४ सेकंद भरतात. येणारें स्कड अस्त्र तेवढ्या वेळांत अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर तोडी. यंत्रणेनें तें अस्त्र भलत्याच जागीं शोधलें, तेथें कांहीं दिसलें नाहीं, आणि प्रतिकार झाला नाहीं. अस्त्र सैनिकांच्या निवासावर पडलें व २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. सुधारलेली आज्ञावली धहरानला पोंचली ती दुसऱ्या दिवशीं, २६ फेब्रुवारीला.

या अपघातांत तरत्या बिंदूचा संबंध नसला, तरी मूळ तेंच आहे. दोनांच्या पायावर एक-दशांश मावत नाहीं. रॉबर्ट स्कील या गणितज्ञांनीं १९९२ सालीं त्यांतील आणखी एक मर्म उघड केलें. आज्ञावलीच्या कांहीं भागांत वेळ काढण्याची अधिक अचूक रीत पूर्वींच घातली होती, कांहीं भागांत ती घालावयाची राहिली होती. दोन्ही वेळा एकाच चुकीच्या मापानें काढल्या असत्या, तर त्यांच्या वजाबाकींत चूक बहुतेक नाहींशी झाली असती. एक वेळ अचूक आणि दुसरी तुटकी, अशी जोडी जमल्यामुळें सगळी उणीव अंगावर आली. अर्धवट दुरुस्ती केल्यानें, जे आंकडे एकमेकांशीं सुसंगत होते ते विसंगत झाले.

मग उपाय काय? पैशाच्या हिशेबास उपाय सोपा आहे. रुपयाचा अपूर्णांक न ठेवतां पैसे पूर्णांकांत मोजावे, किंवा दशमान पद्धतीनेंच गणित करणारीं साधनें वापरावीं. व्यापारी कामाची कोबोल ही भाषा १९५९-६० च्या सुमारास झाली, तेव्हांपासून ही वाट खुली आहे. २००८ सालच्या सुधारलेल्या नियमांत दशमान तरत्या बिंदूचाहि समावेश झाला. शास्त्रीय मोजमापांत मात्र "समान आहे काय?" हा प्रश्न टाकून "ठरलेल्या सुटीच्या आंत आहे काय?" असें विचारावें लागतें. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल भाषेंत समानतेच्या चिन्हांतच अशी सूट अंतर्भूत होती. पायथन या भाषेंत २०१५ सालीं जवळीक पाहण्याचें एक खास साधन आलें. तें सहसा अब्जांशाइतकी सूट देतें, आणि ती सूट संख्येच्या मानानें धरतें. पण सूट देणें हेंहि निर्धोक नाहीं. पहिली संख्या दुसरीच्या जवळ आणि दुसरी तिसरीच्या जवळ असली, तरी पहिली तिसरीच्या जवळ असेलच असें नाहीं. लाखाच्या मोजणींत एक रुपया क्षुल्लक; पांच रुपयांत तोच पंचमांश. सर्व कामांना पुरेल अशी एकच सूट कोणीहि सांगूं शकत नाहीं.

भारतीय गणिताला ही दृष्टि नवी नाहीं. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ असा सांगितला, आणि तो आंकडा समान न म्हणतां आसन्न म्हणजे जवळचा म्हटला. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत लीलावतींत व्यास-परिघाचीं दोन प्रमाणें दिलीं. ३,९२७ भागिलें १,२५० हें सूक्ष्म, आणि २२ भागिलें ७ हें व्यवहारास पुरेसें स्थूल. कोणत्या कामाला कोणतें घ्यावें, याचा निवाडा त्यांनीं हिशेब करणारावर सोंपविला. संगणकानें बेरजेचे श्रम वांचविले, पण हा निवाडा अजून माणसाकडेच आहे. यंत्राच्या पोटांतील बहुतेक अपूर्णांक आसन्न असतात, आणि पडद्यावर मात्र ते नीटनेटके समान दिसतात. त्यांवर विसंबून घड्याळ, औषधाची मात्रा किंवा पुलाचा भार ठरविणारानें किती जवळ असलें म्हणजे पुरेल हें आधीं ठरवावें, आणि शंभर तासांनंतरहि तें तितकेंच जवळ राहील काय, हेंहि तपासून पाहावें.